हात गेले, उरक गेला

बुधवार पेठेखालून मेट्रो स्वारगेटपर्यंत धावू लागली ती २९ सप्टेंबर २०२४ ला. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि गवंडी, बिगारी, सळई बांधणारे गावी निघाले. श्रमिक रेल्वे सुटल्या त्या १ मेपासून. पुढे ‘कामाचा उरक घटला’ अशी ओरड झाली. अहो, कसबी हात गेल्यावर नवख्याकडून तोच उरक कसा मिळेल? शिवाय सळईचा भारा सहा फूट अंतर ठेवून उचलता येत नाही! नोंदीत कामगारांसाठी शासनाने २,००० रुपये जाहीर केले. बिननोंदीच्यांना तेही नाहीत. वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या, १८ ते ६० वयाच्या प्रत्येकाने कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. ठेकेदाराकडून कामाचा दाखला आधीच मागून ठेवा.