दहा मिनिटांच्या कामाचे किती?

"एवढ्याशा कामाचे तीनशे?" पुण्या-मुंबईच्या कुठल्याही इमारतीत, कुठल्याही मजल्यावर, सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान हा प्रश्न कानावर पडतो. विचारणारं माणूस दारात उभं असतं, ज्याला विचारलं तो चपला घालत असतो. आत नळ दुरुस्त झालेला असतो. गळत होता तोवर तीनशे कोणाला जास्त वाटले नव्हते.

लिफ्टचा वार्षिक देखभाल करार आठवा. लिफ्ट वर्षभर बंद पडली नाही, मग पैसे कशाचे, असं तिथे कोणी विचारत नाही. घरातल्या बारीकसारीक दुरुस्त्या करणाऱ्या माणसाला मात्र आपण फक्त पाना फिरवल्याचे पैसे देऊ पाहतो. तो पाना फिरवल्याचे मागतच नसतो. येण्याचे, बघण्याचे आणि बिघडलं तर निस्तरण्याचे मागतो. ते पैसे आपण त्याच नावाने उघडपणे द्यायला लागलो तर निम्मी कटकट संपेल, असं माझं मत आहे.

नळाचंच घेऊ. सेकंदाला एक थेंब पडत असेल आणि चार हजार थेंबांचा लिटर धरला, तर दिवसाला 21-22 लिटर पाणी जातं. जुना वॉशरचा नळ असेल तर चार-पाच रुपयांच्या रबरी चकतीत काम होतं. पण आता बहुतेक बाथरूममध्ये पाव फेऱ्यात उघडणारे नळ आहेत. त्यांच्या पोटात सिरॅमिक चकत्यांचा स्पिंडल असतो आणि तो कंपनीगणिक, कधी कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक वेगळा. म्हणजे माणूस येतो, मेन कॉक बंद करतो, स्पिंडल काढून खिशात टाकतो आणि हार्डवेअरच्या दुकानात जातो. तिथे नसला तर पुढच्या. परत येतो तेव्हा वॉचमन पुन्हा नोंद करायला लावतो, कारण नियमाप्रमाणे बाहेर गेलेला माणूस नव्याने आलेला असतो. मॅडम मोबाईलवर 'अप्रूव्ह' दाबेपर्यंत तो गेटवरच. मग सामानाची लिफ्ट. मग दहा मिनिटांचं काम.

वेळेचे नियम तर विचारूच नका. दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद, रविवारी ड्रिल मशीन बंद, संध्याकाळी सहानंतर बाहेरच्या कामगारांना प्रवेश बंद. घरातली माणसं घरी सापडतात ती रविवारी, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. हे नियम करणाऱ्या कमिटीतल्या कोणाच्या घरी कधी कमोडचा फ्लश बिघडत नसावा.

आणि दहा मिनिटांचं काम दहाच मिनिटांत होईल याची खात्री फक्त घरमालकाला असते. 1980 आणि 1990च्या दशकांतल्या बऱ्याच इमारतींत लोखंडी जीआय पाइप आहेत. बाहेरून रंग दिलेले, ठणठणीत दिसतात. आतून आटे गंजून खाल्लेले असतात. अँगल कॉक बदलायला पाना लावावा आणि भिंतीतला एल्बोच तुटून हातात यावा, हे प्लंबरच्या आयुष्यातलं नेहमीचं संकट. मग टाइल फोडा, आतला तुकडा काढा, तिथून पुढे सीपीव्हीसी जोडा आणि तसल्या छापाची टाइल आता मिळत नाही हे काकूंना सांगा. म्हणून मुरलेला माणूस अशा घरात शिरला की नळाआधी पाइपाकडे बघतो आणि विचारतो, "काकू, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठंय? चावी कोणाकडे असते?" काकूंना वाटतं, हा काम वाढवतोय. तो बिचारा पाणी कुठून तोडायचं ते आधी ठरवून ठेवत असतो. तीनशेतले दोनशे या प्रश्नाचे आहेत. नवशिक्या हा प्रश्न विचारत नाही, दीडशेत तयार होतो, आणि तासाभराने जिन्यातून पाणी वाहायला लागतं.

भिंतींचंही तसंच. घड्याळासाठी एक भोक हवं असतं. जुन्या विटांच्या भिंतीत साध्या ड्रिलने ते मिनिटभरात पडतं. सिपोरेक्सच्या ठोकळ्यांत त्याहूनही लवकर पडतं, पण साधा प्लग सैल बसतो आणि थोड्याच दिवसांत घड्याळ जमिनीवर. नव्या टॉवरमधल्या मायवानच्या भिंती म्हणजे सगळं काँक्रीटच ओतलेलं. तिथे साधं ड्रिल नुसतं किंचाळतं, हॅमर मशीन आणावं लागतं. वर त्याच काँक्रीटमध्ये विजेच्या नळ्या गाडलेल्या, त्यामुळे स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत भोक पाडायचं नाही हे डोक्यात ठेवावं लागतं. एका भोकाचे तीन घरांत तीन भाव सांगितले, म्हणून माणूस लबाड ठरत नाही. पाण्याचा हिशेबही असाच जागेप्रमाणे बदलतो. खडकवासल्याचं पाणी मऊ, तर शहराच्या कडेला टँकरचं आणि बोअरचं जड. पेठेत वर्षानुवर्षं चालणारी गीझरची कॉइल वाघोलीकडे क्षार धरून लवकर जाते, आणि "मागच्या वर्षीच तर बदलली होती" या तक्रारीचा धनी होतो तो बसवणारा.

आता जरा नाजूक विषय. हार्डवेअरच्या दुकानातून कारागिराला कमिशन मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. मी त्याला चोरी म्हणणार नाही. येण्याचे पैसे आपण देत नाही, म्हणून ते सामानातून निघतात. पंखा हळू फिरतोय म्हणून माणूस बोलावला. बऱ्याचदा दोष कंडेन्सरचा असतो: अडीच मायक्रोफॅरडची छोटीशी डबी, शंभराच्या आतली. खरं सांगणारा ती बदलून जातो, आणि "डबी बदलायचे एवढे?" हे ऐकून घेतो. दुसरा म्हणतो, "वाइंडिंग गेलंय साहेब, नवीनच बसवा," आणि नव्या पंख्यावर दुकानातून आपला वाटा घेतो. पहिल्याशी आपण भांडलो, दुसऱ्याला चहा दिला. 'व्हिजिट चार्ज घेत नाही' असं अभिमानाने सांगणाऱ्या माणसाची म्हणूनच मला धास्ती वाटते. सामान आपण आणावं किंवा बिलाप्रमाणे पैसे द्यावेत, आणि येण्या-बघण्याचे वेगळे, काम निघो न निघो. पंख्याला काही झालेलं नाही, नुसता रेग्युलेटर दोनवर आहे, हे सांगायलाही एक माणूस चार जिने चढून आलेला असतो.

त्याच्याकडून काय करून घ्यायचं नाही, हेही माहीत हवं. वीजसुरक्षेच्या केंद्रीय नियमांप्रमाणे घरातलं वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. पण त्याच नियमात एक समजूतदार सूट आहे: दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलायला परवाना लागत नाही, जोवर त्या बदलाने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही. किरकोळ कामं करणाऱ्या माणसाची हद्द याहून नेमकी कोणी आखलेली मी पाहिलेली नाही. पंखा बदलणं त्याचं काम. जुन्या बारीक वायरीवर सोळा अँपिअरचं सॉकेट बसवून गीझर जोडणं त्याचं नाही, मग तो कितीही "होऊन जाईल ताई" म्हणो. गॅसची पाइपलाइन गॅस कंपनीची. आणि कॉलम-बीम कोरणं कोणाचंच काम नाही.

हा माणूस येतो कुठून? मोठ्या साइटवरची कामं जणू जिल्ह्यांनी वाटून घेतली आहेत. प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाड्याचे. तिथल्या पट्टामुंडईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. फर्निचरचे सुथार राजस्थानचे. आपापल्या कामात ही मंडळी तरबेज, पण एक बिजागरी बसवायला साइटची हजेरी बुडवून ती येणार नाहीत, आणि का यावं? बिजागरीला येतो तो जवळच्या वस्तीत राहणारा, स्कूटीच्या डिकीत पकड, टेस्टर, टेफ्लॉन टेप आणि एम-सील घेऊन फिरणारा मामा. कोणी आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेला, कोणी बंद पडलेल्या कारखान्यातला फिटर, कोणी नुसतंच बघून बघून शिकलेला. त्याच्या मागे कुठलीच संस्था नसते. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने प्लंबर, सुतार, वायरमन सगळ्यांसाठी कल्याण मंडळाचं दार उघडलं, पण नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्याचं काम रोज पाच घरांत प्रत्येकी पाऊण तासाचं, त्याला हा दाखला कुठल्या काकू देणार?

अ‍ॅपचा पर्याय आहे, आणि तो वाईट नाही. 2014 मध्ये अर्बनक्लॅप म्हणून सुरू झालेली आणि 2020 मध्ये अर्बन कंपनी झालेली कंपनी 2025 मध्ये शेअर बाजारातही आली. दर ठरलेले, कामाची हमी, गणवेशातला माणूस. मला गंमत वाटते ती गिऱ्हाइकाची. मामांशी पन्नास रुपयांसाठी दारात वाद घालणारे आपण पडद्यावरचा आकडा निमूटपणे भरतो. त्यातला कमिशनचा भाग केवढा यावरून 2021 मध्ये गुरुग्रामला याच कंपनीसाठी काम करणाऱ्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. भरताना आपल्याला त्याची आठवण येत नाही. अ‍ॅपची खरी उणीव वेगळी आहे. दर वेळी नवा माणूस येतो, आणि त्याला आपलं घर माहीत नसतं. पंचवीस वर्षांच्या इमारतीत पाण्याच्या पाइपांचा नकाशा सोसायटीच्या कपाटात सहसा नसतो. तो असतो मामांच्या डोक्यात. तिसऱ्या मजल्यावर पाइप डावीकडून फिरवला आहे, आणि का फिरवला आहे, हे त्यांना माहीत असतं.

खालच्यांच्या छताला ओल आली की या माहितीची किंमत कळते. आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-सिंकची आतली गळती सभासदाच्या खर्चाने, आणि गच्चीतून किंवा बाहेरच्या सामायिक पाइपातून येणारी सोसायटीच्या. कोणती कुठली, यावर कमिटी बैठकांवर बैठका घेते. जाणकार माणूस बाथरूमची जाळी बुजवून पाणी साठवतो, एक दिवस थांबतो आणि खाली जाऊन छत बघतो. नुसतं व्हाइट सिमेंट फासून जाणाऱ्यापेक्षा तो महाग असतो आणि असावा.

असा माणूस हाताशी हवा असेल तर लिफ्टसारखा त्याच्याशीही वर्षाचा करार करावा. वर्षाची बांधिलकी ही गोष्ट आपल्याला नवी नाही. गावात सुताराला औत दुरुस्त केल्याचे त्या त्या वेळी रोख पैसे मिळत नसत, सुगीला खळ्यावर बलुतं मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 च्या 'गांव-गाडा'त या व्यवस्थेची बारकाईने चिरफाड केली आहे, आणि ते तिच्यावर मुळीच खूश नव्हते. मीही नाही. जातीने गळ्यात घातलेलं काम, नाही म्हणायची सोय नाही, आणि मोबदला देणाऱ्याच्या मनावर. तिचे गोडवे गाणाऱ्यांनी खळ्याच्या कडेला ताटकळणारा सुतार आठवावा. पण ठरावीक माणूस आणि वर्षभराची ठरावीक रक्कम, एवढा भाग दोन्ही बाजूंना नाही म्हणायची मोकळीक ठेवून करारात आणता येतो.

साठ घरांच्या सोसायटीत चाळीस घरांनी महिना शंभर रुपये काढले तर चार हजार होतात. त्या बदल्यात मामांनी आठवड्यातून दोन सकाळी, त्यातली एक रविवारची, इमारतीत असायचं. येण्याचे वेगळे पैसे नाहीत, मजुरी कामाप्रमाणे, दर जिन्याखालच्या फलकावर, सामान बिलाने. चार हजार म्हणजे पगार नव्हे, पण दोन सकाळी पेट्रोल न जाळता, गेटवर न ताटकळता, एकामागून एक कामं मिळतात. लोकांनीही कामं साठवून ठेवावीत: गळका नळ, सैल कडी, मच्छरजाळी, अडकणारा ड्रॉवर एकाच फेरीत. रविवारी दहा ते बारा ड्रिलला परवानगी द्यावी, दुपारी झोपणाऱ्यांना त्याचा त्रास नाही.

खजिनदार म्हणतील, दुरुस्ती निधीतून हे बसत नाही. बरोबरच आहे. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्क्याने जमा होणारा तो निधी सामायिक मालमत्तेसाठी आहे, कोणाच्या घरातल्या नळासाठी नाही. म्हणून हे शंभर रुपये ज्याला हवं त्याने वेगळे द्यावेत, सोसायटीने फक्त कायमचा गेटपास आणि एक शिडी द्यावी. शिडीचं मी गंभीरपणे म्हणतोय. स्कूटीवरून शिडी आणता येत नाही, म्हणून आपल्याकडे पंख्याचं काम डायनिंग टेबलावर स्टूल ठेवून होतं आणि खाली उभे राहून आपण "जपून हं मामा" म्हणतो. आठ फुटी अ‍ॅल्युमिनियमची घडीची शिडी काही हजारांत येते आणि ती निर्विवाद सामायिक मालमत्ता आहे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. विषयपत्रिकेत पार्किंगच्या आधी घाला, नंतर कोणी थांबत नाही.