मेंदूची झडती आणि मजुराची संमती

२००८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेऊन शिक्षा ठोठावली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना अशी चाचणी घटनाबाह्य ठरवली. पोलिसांना लगाम बसला, मालकांचे काय? तारापूर एमआयडीसीत उद्या डुलकी पकडण्यासाठी मेंदूलहरी टिपणारा पट्टा डोक्याला बांधला, तर पोटासाठी राबणारा नाही कसा म्हणेल? ही संमती आम्ही मानत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये युनेस्कोने या तंत्राच्या नीतीविषयी शिफारस स्वीकारली. आपल्या व्यापारी व कारागीर संघटनांनी आमदार-खासदारांना निवेदन द्यावे: नकार दिल्याने कुणाची रोजी जाऊ नये, असा कायदा करा. आपल्यातील मालक बांधवांनीही तो पाळावा.