गच्चीवरच्या बागेचा भार

गच्चीवर बाग करावी, हे शहरवासीयांना आताशा पटू लागले आहे. तापलेल्या स्लॅबखाली थोडा गारवा मिळावा, ओला कचरा घरीच जिरावा आणि मेथीच्या चार जुड्या हाताशी असाव्यात, यात वावगे काहीच नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातला कचरा आणि पालापाचोळा यांवर भाज्या व फळझाडे वाढवली. तेव्हापासून ‘हे जमणारच नाही’ असे म्हणण्यास जागा उरलेली नाही. मात्र एका संस्थेच्या गच्चीवर जे साधले, ते प्रत्येक सोसायटीत साधेलच असे नव्हे. अडचण झाडांची नाही. इमारतीची आहे, आणि त्याहूनही अधिक गच्चीच्या मालकीची आहे.

पहिला प्रश्न वजनाचा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात वावर असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरला आहे. भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते. म्हणजे अवघा दहा सेंटीमीटरचा थर सलग पसरला, तरी ही मर्यादा ओलांडली जाते; आणि तेवढ्या थरात कोथिंबीर येईल, वांगे नव्हे. म्हणूनच अनुभवी मंडळी बागेतली माती वर चढवीत नाहीत. नारळाचा काथ्या, सुका पाला आणि कंपोस्ट यांचे हलके मिश्रण वापरतात व मोठी पिंपे तुळईच्या किंवा खांबाच्या माथ्यावर ठेवतात. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. गच्ची किती भार पेलेल, हे त्याच वेळी अभियंत्याकडून लेखी घेणे शहाणपणाचे.

वजनाचे गणित तरी कागदावर सुटते. गळतीचे सुटत नाही. विटांच्या तुकड्यांचा कोबा एकदा मुळांनी उकलला की पाणी कुठून शिरते, हे शोधणे कर्मकठीण. बाग फुलवणारा बहुधा दुसऱ्या मजल्यावरचा, ओल येते ती सर्वांत वरच्या घरात आणि दुरुस्तीचा खर्च उपविधींनुसार सोसायटीच्या, म्हणजे सगळ्यांच्या माथी! गच्ची सामाईक असल्याने एकाची हौस दुसऱ्याचा भुर्दंड ठरते. त्यामुळे कुंड्या स्टँडवर, जमिनीपासून उचलून ठेवणे आणि सर्वसाधारण सभेत आधीच ठराव करून दुरुस्तीची जबाबदारी ठरवणे, हे खतापाण्याइतकेच आवश्यक ठरते.

पाण्याचा हिशेबही कुणी मांडत नाही. ऐन उन्हाळ्यात दर चौरस मीटर वाफ्याला रोज किमान पाच लिटर पाणी लागते. पन्नास चौरस मीटरची बाग अडीचशे लिटर पिते. शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी १३५ लिटरचा आहे. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत ही चैनच. कपडे वा भाज्या धुतलेले पाणी वापरणार असाल तर गोष्ट निराळी.

त्यातच गच्चीला आता नवा दावेदार आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे अनेक सोसायट्या सौर पॅनेलचा विचार करू लागल्या. एक किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि तिच्यावर सावली चालत नाही. लिफ्ट आणि पंपाचे वीजबिल कमी होणार असेल, तर बहुमत कोणत्या बाजूला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. पॅनेल उंचावर बसवून खाली पालेभाज्यांचे वाफे ठेवता येतात. पण त्यासाठी जागेची आखणी पॅनेल बसण्यापूर्वीच व्हायला हवी.