फराळाची मोटार

दिवाळीत कुणी कुणाला चार लाडू दिले, तर त्याला नावे ठेवू नयेत एवढे शहाणपण मला आहे. तरीही यंदा मी नावे ठेवणार आहे. ज्यांच्या एका हातात हा अंक आहे त्यांच्या दुसऱ्या हातात बहुधा चकली असेल, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा आधी चकली खाऊन घ्या आणि मग वाचा.

मी उर्से गावचा. द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्यामुळे आमच्या गावाचे नाव मुंबई-पुण्याच्या माणसांना पाठ झाले. गाव मात्र त्यांतल्या फारच थोड्यांनी पाहिले असेल. हल्ली दिवाळीच्या सुट्टीत मात्र काही मोटारी इथे उतरतात आणि पवनेच्या खोऱ्यातल्या एखाद्या कातकरवाडीकडे वळतात. आई, बाप, दोन मुले, मागे फराळाच्या पुड्या आणि जुन्या कपड्यांचे गाठोडे. याला ‘सेवासहल’ म्हणतात. शब्द मोठा प्रामाणिक आहे. सेवा थोडी आणि सहल बरीच, हे त्यात आलेच.

गेल्या वर्षी माझी भाचीच आली. ‘‘मामा, तू तिथली माणसं ओळखतोस. आम्हांला घेऊन चल ना. मुलांना कळू दे, जगात कशी माणसं राहतात ते.’’ मी तीस वर्षे या भागात मास्तरकी केलेली, निघालो. जावईबापूंनी कापडी फलकसुद्धा छापून आणला होता. त्यावर कुटुंबाचे आडनाव ठळक, आणि खाली बारीक अक्षरांत ‘आदिवासी बांधवांसमवेत’.

वाडीवर गेलो तो अर्धी घरे बांधाबांधीत. भांडी गोणपाटात, कोंबड्या पाटीखाली, ताडपत्रीची वळकटी अंगणात. वीटभट्टीचा ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता. तुमच्या घरी पणत्या लागतात त्या सुमारास यांच्या घरांना कडी लागते. भट्टीवाल्याची उचल पावसाळ्यातच खाऊन झालेली असते आणि ती फेडायला सारे घर जाते ते थेट उन्हाळा संपताना परत येते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला; उचल मात्र अजून चालूच आहे. आणि मुलांची शाळा? माझ्या हजेरीपटावर दर वर्षी मार्गशीर्षापासून याच नावांपुढे गैरहजेरीच्या फुल्या पडत. साहेब तपासणीला आले की ‘गळती’ म्हणत. गळायला ती मुले म्हणजे काय फुटक्या माठातले पाणी होती?

त्या गाठोड्यांसमोर पोरांना रांगेत उभे केले, फलक धरला, छायाचित्रे निघाली. भाचीची सात वर्षांची मुलगी माझा सदरा ओढून म्हणाली, ‘‘मामाआजोबा, हे लोक पण सहलीला चाललेत का?’’

मी मास्तर. उत्तर यायला हवे होते. ‘‘हो, लांब चाललेत,’’ असे काहीसे पुटपुटलो.

निघताना एका म्हातारीने पानात बांधून उकडलेले करांदे आणून भाचीच्या हातात दिले. रानातून खणून, उकडून, खास पाहुण्यांसाठी. भाचीने गोड हसून घेतले. पहिल्या वळणावर काच खाली झाली आणि पुडी झुडपात गेली. ‘‘मुलांच्या पोटाला बाधेल हो, मामा.’’ मी तीस वर्षे तिथे करांदे खाल्ले, मला काही बाधले नाही. आणि तरीही मी गप्प बसलो. या लेखातला अर्धा राग माझा माझ्यावरच आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

कुणी म्हणेल, काहीच न करण्यापेक्षा हे बरे. मला तसे वाटत नाही. काहीच न करणारा निदान मुलाला खोटे शिकवीत नाही. या मोटारीतले मूल एवढेच शिकून जाते की आपण देणारे आणि ते घेणारे. मोठे झाल्यावर ते कचेरीत खुर्चीवर बसते आणि समोरच्या कातकऱ्याला पुन्हा रांगेतच उभे करते.

वास्तविक घेणारे कोण? जेवणानंतरच्या विड्यातला कात ज्या खैरापासून होतो, तो काढण्याचे कसब या जमातीचे. तिचे नावही त्यावरूनच पडले. जंगल राखीव झाले, खैर तोडणे हा गुन्हा झाला आणि कसबी माणूस मजूर झाला. तिकडे फिलिपाईन्सच्या मिंदोरो बेटावरही दूरदूरचे धर्मप्रसारक बायकामुलांसह डोंगरातल्या लोकांना ज्ञान द्यायला जातात. त्याच बेटावरच्या हानुनुओ मांग्यान लोकांची स्वतःची प्राचीन लिपी आहे. ते बांबूवर सुरीने कविता कोरतात. ज्यांना अक्षर द्यायला निघायचे, त्यांच्यापाशी ते आधीच आहे की काय, एवढे तरी विचारावे!

कुटुंबाने जाऊच नये, असे मी म्हणत नाही. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ च्या डिसेंबरात सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडियांमध्ये गेले ते राहायला. त्यांची भाषा शिकले, आणि पुढे त्यांची स्वतःची मुले त्याच आश्रमशाळेत माडिया मुलांबरोबर शिकली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालवाडीत बोर्डीची आदिवासी मुले येईनात, तेव्हा बाईंनी मुलांना बोल लावला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. एवढे सर्वांना जमणार नाही. मलाही जमले नाही. पाच वाजता शाळेला कुलूप लावून मी घरी येत असे.

पण थोडे जमण्यासारखे पुष्कळ आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास गणलेल्या आदिम जमातींपैकी एक. केंद्र सरकारने २०२३ साली अशा जमातींसाठी जनमन योजना काढली, पक्की घरे हा तिचा मोठा भाग. परंतु कागदाशिवाय सरकारी दार उघडत नाही. जमातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा शाळेची पायरी चढला नाही आणि ज्याच्या नावावर पायाखालची जमीन नाही, त्याने तो कुठून आणावा? त्यासाठी जुनी दप्तरे चाळावी लागतात, अर्ज लिहावे लागतात, पाच-पाच खेपा घालाव्या लागतात. आणि प्रत्येक खेपेला त्याची मजुरी बुडते. आईबाप भट्टीवर गेले तरी मूल गावातच आजीपाशी राहून शाळेत जावे, यासाठी त्या आजीच्या घरात सहा महिने धान्य हवे. हे चार घरांनी मिळून ठरवले तर काही कठीण नाही. मात्र त्यात छायाचित्र काढण्याजोगे काही नसते.

परवा भाचीचा फोन आला. यंदा दोन मोटारी आहेत, शेजारचे कुटुंबही येणार आहे. मी तिला सांगितले, ‘‘फलक घरी ठेव. पाडवा-भाऊबीज आपापल्या घरी करा आणि सोमवारी कचेऱ्या उघडल्या की या. जावईबापूंचे अक्षर चांगले आहे, वडगावला अकरा जणांचे अर्ज लिहायचे आहेत. दुपारी म्हातारीकडे जेवायला जाऊ. ती जे वाढील ते खायचे, मुलांनीसुद्धा.’’ भाची जराशी रागावली. ‘‘कळवते,’’ म्हणाली. अजून कळवलेले नाही.