गावकुसाबाहेरचा वायू

गेल्या वर्षी आमच्या विभागाने 'मराठी साहित्य आणि पर्यावरण' या विषयावर एकदिवसीय चर्चासत्र भरवले. बीजभाषण झाले, निबंधवाचन झाले. 'निसर्ग आणि मानव यांच्यातील तुटलेला संवाद' हा शब्दप्रयोग दिवसभरात अनेकदा कानांवर पडला. दुपारी जेवणे झाली. उरलेला मसालेभात, कढीचे द्रोण, कागदी पेले, निबंधांच्या झेरॉक्स प्रती आणि पाण्याच्या बाटल्या असे सारे एकाच काळ्या पिशवीत कोंबले गेले. कचरा न्यायला आलेल्या मावशींनी पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "सर, भात आन् कागद एकात घातला की दोन्ही वाया जातंय बघा. भाताचं खत व्हईना, आन् कागद कोन घेईना." त्या दिवशी विषयाचे खरे ज्ञान ज्यात होते, असे हे एकच वाक्य. चर्चासत्राच्या अहवालात मात्र त्याची नोंद नाही.

ही नोंद न होणे हा केवळ विसराळूपणा नव्हे. हवामानबदल म्हटला की आम्हां साहित्याच्या माणसांना वितळणारे हिमनग आठवतात आणि कचरा म्हटला की स्वच्छता आठवते. पहिला विषय जगाचा, चिंतनाचा. दुसरा वॉर्ड ऑफिसचा, तक्रारीचा. ही वाटणी मुळातच खोटी आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आपल्या शहरांच्या कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास भाग ओल्या, कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. हा ओला कचरा मोकळ्या हवेत कुजला, तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो वनस्पतींनी नुकताच हवेतून घेतलेला असतो. तोच कचरा डोंगराएवढ्या ढिगाखाली दडपला गेला, की आत प्राणवायू पोहोचत नाही. मग प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजीव त्याचा ताबा घेतात आणि मिथेन तयार होतो. वीस वर्षांच्या मापाने पाहिले, तर मिथेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता अडवतो. शंभर वर्षांच्या मापाने सुमारे अठ्ठावीस पट. मात्र तो हवेत जेमतेम बारा वर्षे टिकतो. म्हणजे तो आज रोखला, तर त्याचे फळ आजचे विद्यार्थी चाळिशी गाठण्यापूर्वी पाहू शकतील.

तेव्हा दोष भाताचा नाही, त्याला नजरेआड पुरण्याचा आहे. आपली स्वच्छतेची कल्पनाच 'दिसेनासे करणे' एवढी आहे आणि हा वायू नेमका त्या कल्पनेच्या पोटी जन्मतो. मराठीत 'उकिरडा' हा शब्द होता. उकिरडा घराजवळ असे, डोळ्यांसमोर असे आणि अखेरीस शेतात जात असे. बारा वर्षांनी त्याचाही पांग फिटतो, अशी म्हण झाली, ती तो नांदता असल्यामुळेच. आम्ही भूतकाळाचे गोडवे गात नाही. घाण उपसण्याची कामे कोणत्या जातींच्या माथी मारली होती, हे दलित आत्मकथनांनी आम्हांला पुरेसे सांगितले आहे. पण उकिरड्याच्या जागी 'डेपो' आला, तेव्हा जात सुटली नाही; सुटला तो फक्त शेताशी असलेला संबंध.

दलित साहित्य शिकवताना आम्ही 'गावकुसाबाहेरचे जग' हा शब्दप्रयोग फळ्यावर लिहितो. शहरालाही गावकूस असते, हे मात्र सांगत नाही. पुण्याचा कचरा आधी कोथरूडला पडे. कोथरूड शहरात आले, तसा तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी गेला. तिथल्या विहिरी नासल्या. २०१७च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागल्यावर ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या कित्येक दिवस अडवून धरल्या, तेव्हा कुठे पुणेकरांना आपला कचरा कुठे जातो हे कळले. मुंबईच्या देवनारची कथा १९२७पासूनची. २०१६च्या जानेवारीत तिथल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला. शेजारच्या गोवंडीत तो त्याआधीही दिसत होताच.

यावर काही आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की कोळशाच्या वीजकेंद्रांपुढे कचऱ्याचा वाटा तो किती? भारताच्या एकूण उत्सर्जनात तो काही टक्क्यांचाच आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण २०२१च्या संयुक्त राष्ट्रांच्या मूल्यांकनानुसार जगातील मानवनिर्मित मिथेनपैकी सुमारे पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाणी यांतून येतो. शिवाय वीजकेंद्र बंद करणे प्राध्यापकाच्या हाती नाही. दोन डबे ठेवणे आहे.

दुसरा आक्षेप यंत्रभक्तांचा: वेगळे कशाला करायचे, सगळे जाळून वीज करा! दिल्लीत तिमारपूरला १९८७मध्ये हा प्रयोग झाला आणि थोडक्याच दिवसांत बंद पडला, कारण आपला कचरा ओला. तो धड जळत नाही. जळते ते प्लास्टिक, आणि त्यातून निघणारा कार्बन हा खनिज तेलाचाच असतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आम्ही वेगळा करून दिला, तरी पुढे गाडीत तो एकत्रच होतो. असे अनेकदा होते, आणि तो नागरिकांचा उघड विश्वासघात आहे. परंतु त्यावर उपाय घरी एकत्र करणे हा नसून गाडीला जाब विचारणे हा आहे. ओला व सुका कचरा वेगळा करण्याची अपेक्षा २०००च्या नियमांतही होती आणि २०१६च्या नियमांनी तर ते प्रत्येक घराचे कर्तव्य ठरवले. नियम कमी पडले नाहीत. ते आपल्यासाठी आहेत, असे आपल्याला वाटले नाही.

आणि हे होऊ शकते, याचे पुरावे मराठी मुलखातच आहेत. पुण्यात १९९३मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेने २००८पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा वेगवेगळा गोळा करण्याचे काम केले. वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपरिषदेने वर्गीकरण मनावर घेतले, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला आणि कचऱ्याच्या डेपोची जागा लोकांनी पाहायला यावी अशी केली. बायोगॅसमध्येही मिथेनच असतो. पण तो कोंडून चुलीत जाळला, तर आकाशाला भार होण्याऐवजी गॅस वाचवतो.

आमची मागणी साधी आहे. महाविद्यालयांनी वसुंधरा दिनाच्या भाषणांना एक वर्ष सुट्टी द्यावी आणि उपाहारगृहाचा ओला कचरा आवारातच जिरवावा. खत वरखाली करत राहावे; तसेच पडू दिले, तर त्यातही मिथेन होतो. आणि कचरावेचक स्त्रीला तिच्या कामाचे पैसे उपकार म्हणून नव्हे, मोबदला म्हणून द्यावेत. उत्सर्जन कमी करण्याचे काम प्रत्यक्षात ती करते. आम्ही त्यावर निबंध वाचतो.

पुढचे चर्चासत्र याच विषयावर घ्यायचे झाले, तर बीजभाषणाला कोणाला बोलवायचे, हे आम्ही ठरवले आहे. त्या येतील की नाही, हे आम्ही त्या दिवशी जेवणानंतर काय करतो, यावर अवलंबून राहील.