टक्क्यांची बाटली आणि तारुण्यपीटिका

जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने जयपूरच्या 'मिनिमलिस्ट' या प्रसाधन कंपनीतील ९०.५ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले. बातमी अर्थविषयक पानावरची. पण तिचा संबंध घराघरातल्या आरशाशी आहे. १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली' विकणारी आणि २०२० मध्ये त्यातला 'फेअर' गाळून 'ग्लो' आणणारी ही कंपनी. २०२० मध्येच सुरू झालेल्या मिनिमलिस्टचा भर मात्र रसायनशास्त्रावर. बाटलीवर आम्लाचे नाव आणि शेजारी ठळक टक्के! मार्कांच्या टक्केवारीवर वाढलेल्या आपल्या मुलांना ही भाषा पटकन कळते. जितके टक्के जास्त, तितके मुरूम लवकर जाणार, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे.

अल्फा हायड्रॉक्सी आम्ले आपल्याला अनोळखी नाहीत. ग्लायकोलिक आम्ल उसात असते, लॅक्टिक दह्यात, टार्टारिक चिंचेत. बाटलीतले ग्लायकोलिक बहुधा कारखान्यात तयार होते, हा भाग वेगळा. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू या अमेरिकी संशोधकांनी, त्वचेवर खवले धरणाऱ्या इक्थिऑसिस या विकारात ही आम्ले उपयोगी पडतात असे दाखवले. मृत पेशींची एकमेकींवरची पकड ती सैल करतात. तारुण्यपीटिकांची सुरुवातही अशाच पेशी आणि तेल यांनी छिद्र बुजल्यामुळे होते. म्हणून सौम्य मुरूम, काळे ठिपके आणि मागे राहिलेले डाग यांवर या आम्लांचा उपयोग होतो. खोलवर सुजलेल्या, दुखऱ्या गाठींवर मात्र त्यांच्यावर विसंबून चालत नाही.

आता टक्क्यांकडे वळू. आम्लाचा जोर टक्क्यांइतकाच द्रावणाच्या आम्लतेवर, म्हणजे पीएचवर ठरतो. दहा टक्के ग्लायकोलिक असलेल्या द्रावणाचा पीएच ३.८ असेल तर त्यातले निम्मे आम्ल मुक्त, म्हणजे कामाचे असते. पीएच ४.८ झाला की ते जेमतेम एक टक्का उरते. म्हणजे एकाच टक्केवारीच्या दोन बाटल्यांपैकी एक निरुपद्रवी, तर दुसरी जाळणारी असू शकते. आणि हा पीएच अनेक बाटल्यांवर शोधूनही सापडत नाही. चेहऱ्यावर लिंबू चोळणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो. 'घरगुती' म्हणून तो सौम्य ठरत नाही.

अमेरिकेत प्रसाधन उद्योगाच्याच खर्चाने चालणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने १९९८ मध्ये घरगुती वापरासाठी कमाल दहा टक्के आणि किमान ३.५ पीएच ही मर्यादा सुचवली. पार्लरमधल्या अल्पकाळच्या वापरासाठी तीस टक्के आणि ३.० पीएच. तेथील अन्न व औषध प्रशासनाने करवलेल्या प्रयोगात चार आठवड्यांच्या वापरानंतर उन्हाने त्वचा लाल होण्याचे प्रमाण १८ टक्क्यांनी वाढले; वापर थांबवल्यावर आठवड्याभरात ते पूर्ववत झाले. २००५ मध्ये उन्हाबाबतचा इशारा वेष्टनावर छापावा, अशी सूचना निघाली; पण ती मार्गदर्शक, बंधनकारक नव्हे. जुलै २०२४ मध्ये याच प्रशासनाला, तीव्र 'पील' देखरेखीविना वापरू नका, असे लोकांना बजावावे लागले.

आपल्याकडे हा धोका अधिक गंभीर आहे. वर्षातले बहुतेक महिने ऊन, आणि त्वचा सावळी. सावळ्या त्वचेवर जळजळ झाली की मागे काळा डाग राहतो आणि तो महिनोन्महिने हटत नाही. मुरूम आठवड्यात बसतो. डाग घालवण्यासाठी मुलगी आणखी कडक बाटली आणते, आणि दुष्टचक्र सुरू होते. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रेटिनॉइड यांची ठाम शिफारस करतात; रासायनिक पीलबाबत शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे सांगतात. जाहिरातीत मात्र हा क्रम नेमका उलटा दिसतो.

तेव्हा मागणी साधी आहे. टक्के ठळक छापता, तर पीएचही तितकाच ठळक छापा, आणि उन्हाचा इशारा ग्राहकाच्या भाषेत द्या. आईबापांनीही 'वयाचे मुरूम आहेत, जातील' असे म्हणून विषय टाळू नये. सौम्य आम्ल, तेही रात्री आणि एक दिवसाआड. दिवसा उन्हापासून संरक्षण. आग झाली की ताबडतोब बंद. गाठी किंवा व्रण दिसले की त्वचारोगतज्ज्ञ. एवढे पथ्य पाळले तर हे आम्ल उपयोगाचे आहे. नाही तर पंधराव्या वर्षी लागलेला डाग पंचविशीतही आरशात भेटत राहील.