मेंदूचा कर्करोग : यंत्राआधीचे सहा आठवडे

मेंदूच्या कर्करोगावर ‘विजेचा उपचार’ निघाला आहे, एवढे कानावर पडले तरी रुग्णाच्या घरात आशा जागी होते. पोंभुर्ण्यासारख्या तालुक्यात ती धानाची बांधी विकण्याच्या विचारापर्यंत जाऊ शकते. म्हणून या उपचारात तथ्य किती, हे समजून घेतले पाहिजे.

यात शॉक देत नाहीत. डोक्याचे केस काढून त्वचेवर चिकट पट्ट्या लावतात. बॅटरीवर चालणारे यंत्र त्यांतून सेकंदाला दोन लाख आवर्तनांचे सौम्य विद्युतक्षेत्र सोडते. पेशी दुभंगताना तिच्यातील विद्युतभारित प्रथिनांची मांडणी त्यामुळे विस्कटते आणि वेगाने वाढणाऱ्या कर्कपेशींना खीळ बसते. अमेरिकेत या यंत्राला २०११ मध्ये मान्यता मिळाली.

ग्लायोब्लास्टोमा या अत्यंत आक्रमक गाठीच्या ६९५ रुग्णांवरील चाचणीचे अंतिम निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीत दाखल झाल्यापासून केवळ औषध घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण १६ महिन्यांपर्यंत जगले. यंत्राची जोड मिळालेल्यांत हा काळ सुमारे २१ महिने होता. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांऐवजी १३ टक्के दिसले. लाभ आहे, पण ही रोगमुक्ती नव्हे. त्यासाठी दिवसातले किमान १८ तास यंत्र लावून ठेवावे लागते. लाइन केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात बॅटऱ्या चार्ज ठेवणे हीच परीक्षा. अमेरिकेत त्याचा खर्च महिन्याला वीस हजार डॉलरहून अधिक आहे.

मात्र या आकड्यांआड एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. चाचणीतील रुग्णांनी रेडिओथेरपी आधीच पूर्ण केली होती. ती साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालते. पोंभुर्ण्याच्या रुग्णाला त्यासाठी नागपूर गाठावे लागले, तर एकट्या चंद्रपूरपासूनच ते दीडशे किलोमीटर. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसले, तरी सोबतच्या माणसाचा मुक्काम, जेवण आणि बुडालेली मजुरी यांचे काय? उपचार अर्धवट सुटला, तर पुढचे यंत्र काय कामाचे?

प्रशासनाने म्हणूनच आधी या सहा आठवड्यांची, म्हणजे निवास आणि प्रवासभाड्याची सोय करावी. कुटुंबांनीही प्रौढ वयात पहिल्यांदाच आलेली फिट किंवा उलट्यांसह वाढत जाणारी डोकेदुखी अंगावर काढू नये. आणि कर्करोग बरा करण्याची हमी देत कुणी चुंबकाचा पट्टा विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.